स्वयंसेवी नकाशांकन : साधनांची निवड



१२ जानेवारी २०१० रोजी कॅरिबियन समुद्रातील हैती या देशाला ७.० तीव्रतेच्या भूकंपाने हादरा दिला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स उद्ध्वस्त झाली. निरनिराळ्या देशांतून मदतपथके निघाली; परंतु त्या शहराचा जो नकाशा कोणालाही विनामूल्य वापरता येण्याजोगा होता, त्यात मुख्य रस्त्यांपलीकडे फारसे काही नव्हते. उपग्रह-चित्रे घेणाऱ्या कंपन्यांनी आपली ताजी चित्रे खुली केली. ती समोर ठेवून जगभरच्या सहाशेहून अधिक स्वयंसेवकांनी, आपापल्या घरी संगणकापुढे बसून, रस्ते, पूल, कोसळलेल्या इमारती आणि उघड्यावर वसलेल्या तंबूंच्या वस्त्या रेखाटल्या. शोधपथकांनी तो नकाशा आपल्या हातातील दिशादर्शक यंत्रांत भरून घेतला आणि त्याच्या आधाराने काम केले.

त्याच वर्षी 'ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम' ही संस्था रीतसर नोंदविली गेली. नोव्हेंबर २०१४ मध्ये या संस्थेने अमेरिकन रेडक्रॉस, ब्रिटिश रेडक्रॉस आणि 'सीमारहित डॉक्टर' या संघटनांच्या जोडीने 'मिसिंग मॅप्स' हा उपक्रम सुरू केला. संकट कोसळल्यावर धावपळ करण्याऐवजी, संकटाची भीती असलेल्या दुर्लक्षित प्रदेशांचे नकाशे आधीच तयार ठेवावेत, हा त्यामागील हेतू होय. तेव्हापासून महाविद्यालये, शाळा व कार्यालये यांतून लोक एकत्र जमतात आणि दूरच्या खंडातील खेड्यांची घरे व वाटा रेखाटतात. अशा सामुदायिक बैठकीस 'मॅपेथॉन' असे म्हणतात.

ही बैठक भरविणाऱ्या प्रत्येक संयोजकापुढे पहिलाच प्रश्न उभा राहतो तो असा, की रेखाटनासाठी स्वयंसेवकांच्या हाती कोणते सॉफ्टवेअर द्यावे ? वरवर पाहता हा प्रश्न तंत्रज्ञांनी सोडवावयाचा वाटतो. परंतु साधन निवडताना संयोजक नकळत दोन गोष्टी ठरवून टाकीत असतो : या कामात कोणाला भाग घेता येईल, आणि झालेली चूक कोण व केव्हा पकडील. म्हणून साधनांच्या गुणदोषांचा विचार या दोन कसोट्यांवर करणे अगत्याचे ठरते.

एक कोठार, अनेक दारे

या सर्व कामाचा पाया म्हणजे 'ओपनस्ट्रीटमॅप' हा खुला नकाशा होय. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचा प्रारंभ केला. त्याची रचना साधी आहे. विहीर, हातपंप किंवा बसथांबा यांसाठी एक बिंदू. रस्ता किंवा ओढा यांसाठी बिंदू जोडून केलेली रेषा. घर किंवा तळे यांसाठी स्वतःशी मिळालेली बंद रेषा. आणि या प्रत्येकाला ती वस्तू काय आहे हे सांगणारी चिठ्ठी, जिला 'टॅग' म्हणतात. जगाच्या पाठीवर कोठेही केलेले रेखाटन अखेर या एकाच कोठारात जमा होते.

रेखाटनाची सॉफ्टवेअरे मात्र अनेक आहेत आणि ती सर्व याच कोठाराची निरनिराळी दारे आहेत. धान्य एकाच ठिकाणी पडावयाचे असेल, तर ते पाटीने न्यावे की पोत्याने, हे वाहणाऱ्याच्या बळावर ठरवावे. एकाच प्रकल्पात एका स्वयंसेवकाने एक साधन आणि दुसऱ्याने दुसरे साधन वापरले, तरी नकाशाला त्याची बाधा होत नाही. हे ध्यानात घेतले म्हणजे 'सर्वोत्तम सॉफ्टवेअर कोणते' हा वाद पुष्कळसा निवळतो.

साधने येतात आणि जातात, ही गोष्टही विसरता येत नाही. ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर अनेक वर्षे 'पॉटलॅच' नावाचे संपादन-साधन होते. ते 'फ्लॅश' या तंत्रावर चालत असे. डिसेंबर २०२० मध्ये अडोबी कंपनीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि ब्राउझरमधील पॉटलॅचचे दिवस संपले. त्याच्या साहाय्याने काढलेले रस्ते व घरे मात्र जागच्या जागी राहिली, कारण ती पॉटलॅचच्या मालकीची नव्हती.

गूगलच्या 'मॅप मेकर' या योजनेचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत सामान्य नागरिकांनी आपापल्या परिसरातील रस्ते व ठिकाणे गूगलच्या नकाशात भरली. ३१ मार्च २०१७ रोजी ती योजना बंद झाली. नागरिकांच्या श्रमाची ही माहिती खुल्या परवान्याखाली नसल्यामुळे ती उचलून हवी तशी वापरण्याची मोकळीक समाजाला नव्हती. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती २०१२ पासून खुल्या विदेसाठीच्या स्वतंत्र परवान्याखाली दिली जाते. श्रेय देऊन आणि परवान्याच्या अटी पाळून ती कोणालाही वापरता येते. तेव्हा सॉफ्टवेअर किती सोयीचे आहे हे पाहण्यापूर्वी त्यातून निघणारा नकाशा कोणाच्या हाती राहणार, याची चौकशी करणे हे संयोजकाचे पहिले कर्तव्य होय.

त्याला जोडूनच दुसरी चौकशी येते ती उपग्रह-चित्राची. नजरेस पडेल ते चित्र गिरविण्याचा अधिकार कोणाला नसतो. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये आपल्या 'बिंग' नकाशातील हवाई चित्रांवरून ओपनस्ट्रीटमॅपसाठी रेखाटन करण्यास अनुमती दिली. अशी अनुमती असलेली चित्रेच संपादन-साधनांच्या यादीत दिलेली असतात. त्या यादीबाहेरील नकाशावरून नक्कल करणे हा केवळ नियमभंग ठरत नाही. असे काम पुढे पुसून टाकावे लागते आणि कित्येकांचे श्रम वाया जातात.

कामाचे तीन टप्पे

साधनाची निवड करताना काम कोणत्या टप्प्यावर आहे हे पाहावे लागते. नेपाळचे उदाहरण यासाठी उपयुक्त आहे. २५ एप्रिल २०१५ रोजी गोरखा जिल्ह्यात केंद्र असलेल्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात सुमारे नऊ हजार माणसे दगावली. परंतु हैतीत जी उणीव होती ती काठमांडू खोऱ्यात बऱ्याच अंशी भरून निघालेली होती. 'काठमांडू लिव्हिंग लॅब्ज' या स्थानिक संस्थेच्या तरुण कार्यकर्त्यांनी भूकंपापूर्वीच खोऱ्यातील दोन हजारांहून अधिक शाळा आणि तीनशेहून अधिक आरोग्यसंस्था प्रत्यक्ष पाहणी करून नकाशावर आणल्या होत्या. भूकंपानंतर जगभरचे हजारो स्वयंसेवक दूरवरून रेखाटनास लागले, तेव्हा त्यांना दिशा देणारे आणि प्रत्यक्ष भूमी ओळखणारे लोक काठमांडूतच हजर होते.

या अनुभवात कामाचे तीन टप्पे स्पष्ट दिसतात. पहिला, उपग्रह-चित्र पाहून दूरवरून केलेले रेखाटन. दुसरा, त्या रेखाटनाची जाणत्या माणसाकडून तपासणी. तिसरा, प्रत्यक्ष जागेवर जाऊन नावे व उपयोग यांची नोंद. चित्रात छप्पर दिसते. ते शाळेचे की गोठ्याचे हे गावातलाच माणूस सांगू शकतो. हे तीन टप्पे निरनिराळ्या हातांनी व्हावयाचे असतात. साहजिकच त्यांची साधनेही निराळी असतात.

नवशिक्याचे साधन

पहिल्या टप्प्यासाठी सर्वांत प्रचलित असलेले साधन म्हणजे 'आयडी'. २०१३ पासून ते ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर आहे आणि ब्राउझरमध्येच चालते. काहीही स्थापित करावे लागत नाही. शाळेच्या संगणक-कक्षात, जेथे नवे सॉफ्टवेअर बसविण्याची परवानगी मिळणे हेच एक काम होऊन बसते, तेथे या एका गुणाचे मोल मोठे आहे. आयडीत नवागतासाठी पायरीपायरीने शिकविणारा पाठ अंतर्भूत आहे. इमारत, पायवाट, ओढा अशी नेहमीच्या भाषेतील नावे निवडली की त्यांचे टॅग आपोआप लागतात. घराचे चारही कोपरे काटकोनात आणण्यासाठी एक कळ पुरते. दोन रस्ते एकमेकांना छेदून जात असूनही जोडलेले नसतील, तर ते सूचना देते. तासाभराच्या मार्गदर्शनाने विद्यार्थी उपयुक्त काम करू लागतो.

त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. आयडीला काम चालू असताना इंटरनेटची जोड लागते. दाट वस्तीचा भाग उघडल्यास साधा संगणक मंदावतो. शेकडो घरे एकामागून एक काढावयाची असतील, तर प्रत्येक घराला लागणारा वेळ जाणवू लागतो. शिवाय सूचना दाखविल्या तरी त्या दुर्लक्षून काम जमा करता येते. आणि नवखा माणूस त्या दुर्लक्षितो.

अनुभवी हाताचे साधन

दुसरे प्रमुख साधन 'जोसम' हे होय. जावा भाषेत लिहिलेले हे सॉफ्टवेअर २००५ पासून विकसित होत आले आहे आणि ते संगणकावर स्थापित करावे लागते. आरंभी त्याचा पडदा पाहून नवागत बिचकतो. बटणे पुष्कळ, यादी लांब, आणि शब्द अपरिचित. परंतु हात बसल्यावर त्याची शक्ती कळते. हव्या त्या भागाची माहिती एकदा उतरवून घ्यावी, इंटरनेट तोडून काम करावे, ते फाइलमध्ये राखून ठेवावे आणि जोड मिळेल तेव्हा पाठवावे. वीज व इंटरनेट बेभरवशाचे असलेल्या ठिकाणी हा गुण निर्णायक ठरतो. इमारती काढण्याचे पूरक साधन जोडले, की घराची एक बाजू ओढून रुंदी दिली म्हणजे काटकोनी घर तयार होते. एकसारख्या वस्तू शोधून एकत्र निवडणे, चूक असलेले टॅग एकाच वेळी सुधारणे, उपग्रह-चित्र जागेवरून सरकलेले असल्यास ते नीट बसविणे, ही कामे येथे वेगाने होतात.

जोसमचे सर्वांत मोलाचे अंग म्हणजे त्यातील तपासणी-व्यवस्था. एकावर एक चढलेली दोन घरे, रस्त्याजवळ येऊनही त्याला न मिळालेली वाट, टॅग नसलेली रेषा, अशा चुका ते यादी करून पुढे ठेवते. म्हणूनच तपासणी करणारे स्वयंसेवक बहुधा जोसमच पसंत करतात.

पण ज्या गुणांमुळे जोसम अनुभवी हाताला प्रिय आहे, त्याच गुणांमुळे ते नवख्या हाताला धोक्याचे आहे. शेकडो वस्तू एका आज्ञेने सुधारता येतात, तशाच त्या एका आज्ञेने बिघडविताही येतात. दोघांनी एकच वस्तू एकाच वेळी बदलली, तर जोसम दोन्ही रूपे पुढे ठेवून कोणते राखावे असे विचारते. जाणत्याला तो उपकार वाटतो. नवख्याला तो कोडे वाटतो. दोन तासांच्या मॅपेथॉनमध्ये तीस नवागतांना जोसम शिकविण्याचा आग्रह धरला, तर वेळ शिकविण्यात जातो आणि लोक थकून परततात. महिनोन्महिने चालणाऱ्या मंडळात मात्र नियमित येणाऱ्यांनी टप्प्याटप्प्याने जोसमकडे वळावे, हेच श्रेयस्कर.

वाटणी आणि तपासणी

शेकडो माणसे एकाच प्रदेशावर काम करू लागली, की कोण कोठे काढतो याचा मेळ घालावा लागतो. हैतीच्या अनुभवानंतर यासाठी 'टास्किंग मॅनेजर' ही व्यवस्था तयार झाली. ती स्वतः रेखाटनाचे साधन नाही; ती कामाची वाटणी करते. प्रदेशाचे चौकोन पाडले जातात. स्वयंसेवक एक चौकोन उचलतो, तेव्हा तो इतरांसाठी बंद होतो. दोन तासांत काम न संपल्यास पुन्हा मोकळा होतो. रेखाटन पूर्ण झाल्यावर चौकोनाचा रंग बदलतो आणि दुसऱ्या व्यक्तीने तपासून संमती दिल्यावर पुन्हा बदलतो. कोणत्या प्रकल्पात रेखाटनासाठी कोणते साधन चालेल आणि तपासणीसाठी कोणते, हे ठरविण्याची मुभा संयोजकास येथे असते. म्हणजे साधनाची निवड ही प्रकल्पाच्या आखणीतच बसते. ती आयत्या वेळी करावयाची बाब राहत नाही.

या तपासणीवर एवढा भर का, असा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत एबोलाची साथ पसरली, तेव्हा गिनी देशातील गेकेडू या गावी 'सीमारहित डॉक्टर' संघटनेची पथके कामास लागली. रुग्ण कोणत्या वाडीचा, त्याच्या संपर्कातील माणसे कोठे राहतात, तेथे जाणारी वाट कोणती, हे सर्व शोधणे साथ आवरण्यासाठी आवश्यक होते. त्या भागाचे नकाशे स्वयंसेवकांनी तातडीने तयार केले. अशा कामात नकाशावरील प्रत्येक रेघ कोणीतरी खरी मानून पाऊल टाकीत असतो.

चुकांचे स्वरूप पाहिले म्हणजे त्यांची किंमत कळते. दोन रस्ते पडद्यावर जुळलेले दिसतात, पण त्यांचा सामाईक बिंदू नसतो. मार्ग शोधणारे यंत्र मग तेथे रस्ताच नाही असे समजते आणि गाडीला लांबचा फेरा पडतो. चौकोनाच्या सीमेवरील घर दोन स्वयंसेवकांनी दोनदा काढले, तर घरांवरून लोकसंख्येचा अंदाज बांधणाऱ्याचा हिशेब चुकतो आणि लसी कोठे जास्त तर कोठे कमी जातात. डोंगरउतारावरील शेतांचे बांध आणि पायवाटा चित्रात सारख्याच दिसू शकतात. बांधाला वाट समजून रेघ ओढली, तर ती रेघ कोणालाच कोठे नेत नाही. उंच इमारत चित्रात तिरपी दिसते. छपराच्या जागी आकृती काढली, तर घर शेजारच्या अंगणात सरकते. रिकामी जागा निदान 'येथे माहिती नाही' एवढे प्रामाणिकपणे सांगते. चुकीची रेघ मात्र विश्वास मागते.

यावरून मॅपेथॉनच्या संयोजकांसाठी एक कठोर नियम निघतो. जितके तपासता येईल, तितकेच रेखाटावयास घ्यावे. एका सायंकाळी हजारो घरे काढली गेली, हा आकडा अहवालात शोभतो. परंतु त्यातील किती घरे दुसऱ्या नजरेखालून गेली, हा प्रश्न त्याच अहवालात विचारला गेला पाहिजे. दाराशी सुलभ साधन ठेवून पुष्कळांना आत घ्यावयाचे असेल, तर तपासणीच्या मेजावर कुशल माणसे व कडक साधन हवेच. ती माणसे नसतील, तर दाराची रुंदी कमी करणे शहाणपणाचे.

प्रत्यक्ष जागेवर

तिसऱ्या टप्प्यात काम संगणकाच्या पडद्यावरून पायवाटेवर येते. येथे साधन हातात मावणारे, उन्हात दिसणारे आणि वीज संपली तरी पुरे पडणारे असावे लागते. अँड्रॉइड फोनवरील 'व्हेस्पुची' हे पूर्ण क्षमतेचे संपादन-साधन आहे. ते चालवावयास ओपनस्ट्रीटमॅपची चांगली ओळख लागते. 'स्ट्रीटकम्प्लीट' हे दुसऱ्या टोकाचे उदाहरण. ते चालणाऱ्याला जवळच्या वस्तूंविषयी साधे प्रश्न विचारते : या रस्त्याचा पृष्ठभाग कसा आहे, या इमारतीला किती मजले आहेत ? उत्तर दिले, की योग्य ते टॅग आपोआप नोंदले जातात. टॅगची विद्या नसलेल्यालाही ते पेलते; मात्र नवी घरे वा नवे रस्ते काढणे हे त्याचे काम नाही. दुकाने, दवाखाने व सार्वजनिक सोयी भराभर नोंदविण्यासाठी 'एव्हरी डोअर' सोयीचे आहे.

कागदाचाही मान अद्याप गेलेला नाही. २००९ मध्ये 'वॉकिंग पेपर्स' या नावाने एक युक्ती पुढे आली. नकाशाचा भाग कागदावर छापावयाचा, त्यावर गावात फिरून पेनाने नावे लिहावयाची, आणि तो कागद यंत्राने टिपून संगणकावर पार्श्वभूमी म्हणून ठेवावयाचा. गावातील वडीलधाऱ्या माणसापुढे फोन धरला तर ते संकोचतात. कागद पसरला तर बोट ठेवून ओढ्याचे नाव सांगतात. हे काम गावकऱ्यांच्या सहभागाशिवाय होत नाही, आणि सहभागासाठी कागदाएवढे निगर्वी साधन दुसरे नाही.

येथे एक भेद कटाक्षाने पाळावयास हवा. 'ओडीके' किंवा 'कोबोटूलबॉक्स' यांसारखी साधने प्रश्नावली भरून घेण्यासाठी आहेत. त्यांतील माहिती संस्थेच्या ताब्यात राहते. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये गेलेली गोष्ट मात्र जगाला दिसते. पाणी कोठे आहे, दवाखाना कोठे आहे, पूल कोठे आहे, ही माहिती नकाशात शोभते. कोणत्या घरात कोण राहतो, कोणास कोणता आजार आहे, कोणास मदत मिळाली, ही माहिती प्रश्नावलीतच आणि तीही जबाबदारीने जपून ठेवावयाची. साधन चुकले तर एखाद्या कुटुंबाची खाजगी व्यथा चव्हाट्यावर येते, आणि ती परत झाकता येत नाही.

यंत्राची मदत आणि माणसाची नजर

अलीकडच्या काळात उपग्रह-चित्रावरून रस्ते व इमारती स्वतः ओळखणारी यंत्रे उपलब्ध झाली आहेत. 'रॅपिड' या संपादन-साधनाने २०१९ पासून ही सोय स्वयंसेवकांपर्यंत आणली. आयडीच्या पायावर उभारलेले हे साधन मेटा कंपनीने, जिचे नाव त्या वेळी फेसबुक असे होते, तयार केले. यंत्राने सुचविलेला रस्ता किंवा घर पडद्यावर निराळ्या रंगात दिसते. स्वयंसेवकाने ते तपासून स्वीकारावयाचे वा नाकारावयाचे. विरळ वस्तीच्या विस्तीर्ण प्रदेशात यामुळे श्रम पुष्कळ वाचतात. तथापि कोरड्या ओढ्याला रस्ता समजण्याची चूक यंत्रही करू शकते. स्वीकारण्याचे बटण दाबणे सोपे असते. म्हणून हे साधन नवख्याला सोपे वाटले, तरी ते वापरावयास चित्र वाचण्याची सवय असलेली नजर लागते. नवागताने प्रथम स्वतःच्या हाताने काही चौकोन काढावेत आणि मगच यंत्राच्या सूचना तपासाव्यात, हा क्रम हिताचा.

गावाची नावे गावाच्या भाषेत

नकाशावरील नाव हा नुसता मजकूर नसतो. मदतीसाठी आलेल्या माणसाने नाव उच्चारले आणि गावकऱ्याला ते कळले, तरच त्या नावाचा उपयोग. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये एकाच ठिकाणाला अनेक भाषांतील नावे देण्याची तरतूद आहे. मराठीसाठीही स्वतंत्र टॅग आहे आणि तो देवनागरीत भरता येतो. गावाचे नाव एक, वाडीचे दुसरे, आणि लोकांच्या तोंडी असलेले तिसरेच, ही स्थिती मराठी वाचकांना अपरिचित नाही. ही नावे दूर देशीचा स्वयंसेवक भरू शकणार नाही. ती शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य, आरोग्यसेवक यांनीच भरावयाची आहेत. त्यासाठी निवडलेल्या साधनात देवनागरी अक्षरे सहज टंकित होतात की नाही, हे आरंभीच पाहून घ्यावे.

भारतात अशा कामाची वाट पूर्वीपेक्षा सुकर झाली आहे. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने भू-स्थानिक माहितीविषयी नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि भारतीय व्यक्ती व संस्था यांच्यासाठी नकाशे तयार करण्यावरील अनेक पूर्वपरवानग्या दूर केल्या. संवेदनशील स्थळांसंबंधीची बंधने कायम आहेत व ती पाळलीच पाहिजेत. या तत्त्वांचा पूर्ण पाठ संयोजकांनी एकदा स्वतः वाचून घ्यावा.

निवडीचा क्रम

वरील विवेचनाचा सारांश पाच प्रश्नांत मांडता येतो. प्रकल्प हाती घेणाऱ्यांनी हे प्रश्न याच क्रमाने स्वतःला विचारावेत.

पहिला : तयार होणारा नकाशा कोण वापरणार आहे आणि त्याला नेमके काय हवे आहे ? लसीकरण-पथकाला घरे हवी असतात, पूरनियंत्रण करणाऱ्याला नाले व पूल. मागणी ठाऊक नसता काढलेला नकाशा हा केवळ सराव होतो.

दुसरा : माहिती कोणत्या परवान्याखाली राहणार आणि ज्या चित्रावरून ती काढली जाणार त्याची अनुमती आहे काय ?

तिसरा : काम करणारे हात कोणाचे ? एकदाच येणाऱ्यांसाठी आयडी; नियमित येणाऱ्यांसाठी व अखंड इंटरनेट नसलेल्या ठिकाणी जोसम; गावात फिरणाऱ्यांसाठी फोन किंवा कागद.

चौथा : तपासणी कोण करणार, कोणत्या साधनाने आणि किती दिवसांत ? या प्रश्नाचे उत्तर माणसांच्या नावांनिशी देता आले पाहिजे.

पाचवा : चूक आढळल्यास ती करणाऱ्याला कोण आणि कशा शब्दांत सांगणार ? पहिल्याच दिवशी कठोर शेरा मिळालेला स्वयंसेवक सहसा परतून येत नाही; चूक दाखवून सुधारण्याची रीत समजावलेला स्वयंसेवक पुढे तपासनीस होतो.

ही उत्तरे हाती आल्यावरही एकदम मोठा प्रदेश घेऊ नये. प्रथम एक-दोन चौकोनांवर निवडलेले साधन वापरून पाहावे, त्याची तपासणी करावी, वारंवार होणाऱ्या चुका टिपाव्यात, आणि त्या टाळण्याच्या सूचना प्रकल्पाच्या माहितीपत्रकात साध्या भाषेत लिहाव्यात. कोणते उपग्रह-चित्र वापरावयाचे हेही त्यातच नमूद करावे. कारण दोन चित्रे काही मीटरांनी एकमेकांपासून सरकलेली असू शकतात, आणि प्रत्येकाने निराळे चित्र घेतले तर एकाच गावाची दोन गावे होतात. या छोट्या चाचणीने पुढचे मोठे दुरुस्तीचे काम वाचते.

नकाशा काढणारा आणि नकाशा वापरणारा यांची भेट बहुधा कधीच होत नाही. वर्गात बसून एखाद्या विद्यार्थिनीने काढलेली वाट कोण्या परक्या देशातील परिचारिका पावसात, अंधार पडता पडता, खरी मानून चालणार असते. तिच्या हाती सॉफ्टवेअरचे नाव पोहोचत नाही. तिला पोहोचते ती फक्त वाट. ती वाट जेथे दाखविली आहे तेथेच असावी, आणि वस्तीपर्यंत जावी, यासाठी जे साधन ज्या हाताला पेलेल ते त्या हाती द्यावे, आणि त्या प्रत्येक हातामागे तपासणारी दुसरी नजर उभी करावी.